दोनशे चाळीस

रात्री पावणेदोनला यंत्रानं आकडा दिला,
दोनशे चाळीस.
पुढे तारा नाही, लाल अक्षर नाही.
तीनशेच्या आत, म्हणजे हृदय निर्दोष,
असं तक्ता म्हणतो.
पाठवायच्या बटणावर मी बोट ठेवलं
आणि उचललं.

मागणीच्या कागदावर घाईचं अक्षर:
बस्त्याव डिमेलो, पुरुष, अठ्ठावन्न,
वजन एकशे सव्वीस,
तीन उशांशिवाय झोप नाही,
बॅण्डमध्ये क्लॅरिनेट वाजवतात.
क्लॅरिनेटचं कशाला?
असं कुणी लिहीत नाही या कागदावर.

तासाभरापूर्वी याच यंत्रातून
शेवंताबाई मायनाक गेल्या, वय शहाऐंशी.
सहा हजार दोनशे. लाल. दोन तारे.
वॉर्डात धावपळ व्हावी असा आकडा.
पण क्रिएटिनीन चारच्या वर होतं.
हृदयाच्या भिंती ताणल्या की त्या जे सोडतात
ते बाहेर टाकायला मूत्रपिंडं उरली नाहीत
तर साचत जातं,
न्यायला कुणी नाही म्हणून जिन्यात सामान साचतं तसं.
नाडी बेताल, वयाची आपली वेगळी भर.
मी मार्चमधला आकडा शोधला: पाच हजार नऊशे.
म्हणजे बाई होत्या तिथंच होत्या.
आल्या होत्या त्या मोरीत पाय घसरला म्हणून.

माझे वडील महानगरपालिकेच्या पंपिंग स्टेशनात होते.
भिंतीवर रंगवलेली पट्टी, फूट आणि इंच,
दर अर्ध्या तासाला वहीत नोंद.
हिंदमाताला गुडघाभर झालं की साहेब फोनवर ओरडायचे,
पंप बंद ठेवलेत का रे?
पंप चालू असायचे. भरती असायची.
आणि एकदा पट्टीवर काहीच चढेना,
तेव्हा जाळीत कुणाची तरी गादी अडकलेली,
पाणी पट्टीपर्यंत पोचतच नव्हतं,
वर गल्लीत माणसं टेबलांवर चढून बसलेली.
हे सगळं ते उंबऱ्यातूनच सांगायला लागायचे
आणि आई म्हणायची, पाय धुवा आधी.

जाड माणसाच्या रक्तात हा आकडा बुटका दिसतो.
का, ते नीट कुणालाच ठाऊक नाही.
चरबी गिळते म्हणतात काही,
काही म्हणतात, मुळात तयारच कमी होतो.
मर्यादा निम्म्यावर आणावी, अशी एक ओळ
पुस्तकात आहे. तक्त्यात नाही.

वॉर्डात फोन लावला.
डॉक्टर तौसीफ दळवी, घशात झोप.
नॉर्मल आहे ना मॅडम? मग दमाच असेल.
म्हटलं, पाय बघितलेत? दाबून?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग आले. खड्डा पडतोय म्हणाले,
अंगठा काढला तरी भरत नाही लवकर.
मानेची शीर दिसत नाही, मानच दिसत नाही.
आणि क्लॅरिनेटचं कुणी लिहिलं?
मीच. सांगत होते, दिवाळीपासून लांब सूर धरता येत नाही,
मध्येच श्वास तुटतो,
म्हणून मास्तरनं झांजा दिल्यात हातात.
ते सांगताना रडले हो, मॅडम.
दम लागल्याचं सांगताना नाही.

इकोची खोली नऊला उघडते.
तोवर पाणी उतरवायचं इंजेक्शन देतो म्हणाले,
वरिष्ठांना विचारून.

आकडा मी बदलला नाही, बदलता येत नाही.
खाली शेरा टाकला, नियमाप्रमाणे इंग्रजीत,
की रुग्णाचं वजन पाहता या मूल्यावरून
हार्ट फेल्युअर नाही असं म्हणता येणार नाही.
यंत्र केव्हाच पुढच्या नळीकडे वळलं होतं.

जांभळ्या टोपणाची ती नळी फ्रीजमध्ये ठेवली,
दुसऱ्या कप्प्यात, मागे,
चिकटपट्टीवर माझ्या अक्षरात:
डिमेलो. टाकू नये.